दुपारी संगणक आपोआप बंद पडतो. फॉरमॅट करून उपयोग होईल का?

गोदाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी सात वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. शेताचा जमाखर्च, सातबाराच्या व पीक विम्याच्या पावत्यांच्या प्रती आणि मुलीचे परीक्षांचे अर्ज, एवढे सगळे त्याच एका यंत्रावर आहे. शिवाय आजीच्या तोंडून ऐकून वडिलांनी टंकलिखित केलेल्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच आहेत.

एप्रिल लागल्यापासून दुपारी संगणक सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत, कोणतीही सूचना न देता, दिवा विझावा तसा तो बंद पडतो. लगेच पुन्हा सुरू केला तर पाच मिनिटेही टिकत नाही. अर्धा तास थांबून सुरू केला, तर पुन्हा तेवढाच वेळ चालतो. सकाळी सातच्या सुमारास मात्र तासभर काहीही होत नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराने यंत्र न उघडताच "विंडोज खराब झाली, फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगितले, तर दुसऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवीनच घेण्याचा सल्ला दिला. खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल? संगणक सुरू व्हायलाही पाच-सात मिनिटे लागतात, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

निवृत्त शिक्षक, नांदेड

निदानाचे निम्मे काम आपण स्वतःच केले आहे, कारण सकाळ-दुपारचा फरक आणि "लगेच सुरू केला तर टिकत नाही" ही दोन लक्षणे उष्णतेकडेच बोट दाखवतात. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप (सीपीयू), खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. सकाळी खोलीत 26 अंश आणि दुपारी 42 अंश असतील, तर ते मधले 16 अंश जसेच्या तसे त्याच्या तापमानात मिळतात. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःची गती कमी करतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर जळू नये म्हणून यंत्र तडकाफडकी बंद करतात.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबत राहून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पानांवर) जावे आणि "हार्डवेअर मॉनिटर" किंवा "पीसी हेल्थ" या पानावर सीपीयूचे तापमान पाहत पंधरा-वीस मिनिटे नुसते बसावे. आकडा पन्नास-साठच्या आसपास स्थिरावला तर ठीक. तो ऐंशी, नव्वद असा चढतच गेला, तर प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर (पंखा व त्याखालचा धातूचा ठोकळा) काम करत नाही असे समजावे. येथे विंडोज चालूच नसते. त्यामुळे यंत्र बायोसमध्येही बंद पडत असेल, तर फॉरमॅटने ते दुरुस्त होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि हे त्या दुकानदाराला जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, "कर्नल-पॉवर 41" अशी नोंद दाखवून काही जण विंडोजला दोष देतात. परंतु ती नोंद मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते एवढेच सांगते, का झाले नव्हते ते सांगत नाही.

सफाई करताना वायर भिंतीतून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मगच कॅबिनेटची बाजू उघडावी. पंखा बोटाने धरून ठेवूनच ब्लोअर मारावा, कारण हवेच्या झोताने तो भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. पंख्यावरची धूळ सर्वांना दिसते, खरी अडचण त्याच्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत असते. एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणारा) डबा मात्र उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा दाब काही काळ राहू शकतो.

जालनेकर ताई

सरांचे म्हणणे मान्य आहे, तरी वीजपुरवठा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. आमच्याकडे रब्बीत शेतातले पंप एकदम सुरू झाले की 230 ऐवजी 170 व्होल्टच येतात, हे मी मल्टिमीटरवर स्वतः पाहिले आहे. एसएमपीएसचे लेबल वाचावे: काहींवर 100 ते 240 असे लिहिलेले असते, तर स्वस्तातल्या काहींवर 200 ते 240 एवढेच. मी हे लेबल न वाचता एकामागून एक दोन एसएमपीएस बदलले आणि पैसे वाया घालवले.

यूपीएस (वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) असेल, तर त्याची परीक्षा अशी घ्यावी. संगणकाऐवजी त्याला साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढावी. मिनिटभरात बल्ब विझला, तर आतली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी संपलेली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांपेक्षा अधिक क्वचितच टिकते आणि बाजारात सुटी मिळते. त्यासाठी पूर्ण यूपीएस बदलू नये. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण "इको"वर आहे की "यूपीएस"वर, तेही पाहावे. इकोवर तो फार कमी दाबाची वीजही तशीच पुढे सोडतो आणि वीज गेल्यावर बदल करण्यास अधिक वेळ घेतो. पंखे-दिव्यांना त्याने काही होत नाही, संगणक मात्र बंद पडतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते.

गोदाकाठ

बायोसमध्ये बसून पाहिले. दुपारी अडीच वाजता 61 अंशांपासून सुरुवात झाली, अकराव्या मिनिटाला 94 दिसले आणि तेराव्या मिनिटाला यंत्र बंद. झिणझिण्या येतात, पण चप्पल घातली असता येत नाहीत. रविवारी कॅबिनेट उघडतो.

लातूरकर

उघडण्याआधी सकाळच्या थंड वेळेत सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. प्रत म्हणजे दोन ठिकाणी असलेली वस्तू. पेन ड्राईव्हवर हलवली आणि संगणकावरून पुसली, तर ती प्रत नव्हे. ओव्यांची फाइल युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत) आहे की जुन्या फॉन्टमध्ये, ते आधी पाहावे. सुरेख किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेखन केले असेल, तर फॉरमॅटनंतर फाइल उघडेल खरी, परंतु ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. मजकूर नष्ट झालेला नसतो, केवळ फॉन्ट नसतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स या फोल्डरमधून ती फॉन्ट-फाइलही सोबत उतरवून ठेवावी.

संगणक सावकाश सुरू होण्याचे कारण वेगळे आहे. टास्क मॅनेजरमध्ये "डिस्क" या रकान्यात बराच वेळ 100 टक्के दिसत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क कमी पडते आहे. साध्या साटा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर) वाचनाचा वेग सेकंदाला 500 एमबीच्या आसपास असतो, तर फिरत्या डिस्कवर 100 ते 150. आणि विंडोज सुरू होताना लागतात तशा विखुरलेल्या लहान फाइलींच्या बाबतीत हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल, तर मी हाच करीन. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे एसएसडी बसवताना पुढे कोणती विंडोज ठेवायची याचाही विचार करावा.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल कॅबिनेट उघडले. वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता, पण चार पांढऱ्या खुंट्या फिरवून तो उचलला, तेव्हा खाली हीटसिंकवर राखाडी रंगाचा अख्खा थर निघाला, पिंजलेल्या कापसाच्या पेळूसारखा, आणि तो एकसंध हातात आला. आमच्या गल्लीच्या टोकाला जिनिंग आहे, हे तेव्हा आठवले. प्रोसेसरवरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती स्पिरिटने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवीन लावली. खुंट्या पुन्हा बसवताना एक नीट बसलीच नव्हती आणि बायोसमध्ये आकडा लगेच 80 वर गेला, म्हणून पुन्हा काढून समोरासमोरच्या खुंट्या एकेक करून दाबल्या. आज दुपारी तीन वाजता तापमान 58 अंशांवर स्थिर आहे आणि यंत्र दोन तास चालू आहे.

ताई, बल्ब चाळीस सेकंदांत विझला, म्हणजे बॅटरीही बदलावी लागणार. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतले, झिणझिण्या कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. वायरमनला बोलावले आहे. ओव्या खरोखरच सुरेख फॉन्टमध्ये निघाल्या. फॉन्ट उतरवून ठेवला आहे, आणि सुट्टीत मुलगी त्या युनिकोडमध्ये घेणार आहे.

निवृत्त शिक्षक, नांदेड

रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मुलीला ओव्या टंकलिखित करणाऱ्या आजोबांच्या शेजारी बसवून एकेक ओवी वाचून तपासायला सांगावे, आणि जुनी फाइल पुसू नये. जिनिंग जवळ आहे तर कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवावे आणि हंगाम संपला की एकदा उघडून पाहावे.