रिक्वायर्स स्टॅटिक लिहूनही एसएलएफ४जे रनटाइमला सापडत नाही

जार_तिथे_मार
जावा ११ साठी जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा कोड) मॉड्यूलर करतोय. लॉगिंगसाठी एसएलएफ४जे २ आणि युनिक्स सॉकेटसाठी (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅममधला दुवा) जेएनए (जावातून नेटिव्ह कोड बोलावणारी लायब्ररी), दोन्ही ऐच्छिक. मॉड्यूल-इन्फोत (मॉड्यूलला काय लागतं ते सांगणारी फाइल) दोन्हींना `रिक्वायर्स स्टॅटिक`, म्हणजे कंपाइलला हवं, रनटाइमला नसलं तरी चालेल. अ‍ॅप चालवलं की ड्रायव्हर लोड होतो, पण एसएलएफ४जेचा जार मॉड्यूल-पाथवर असूनही `क्लास.फॉरनेम` (नावावरून क्लास शोधणारा कॉल) नापास. असं का?

ग्राफवाला
जार पाथवर असला म्हणजे मॉड्यूल ग्राफमध्ये (रनटाइमला प्रत्यक्ष घेतलेल्या मॉड्यूल्सच्या जाळ्यात) आलाच असं नाही. `जावा.एसक्यूएल` मध्ये `यूजेस ड्रायव्हर` आहे, म्हणून सर्व्हिस बाइंडिंग (`यूजेस` मधली सेवा पुरवणारे मॉड्यूल, म्हणजे प्रोव्हायडर, आपोआप जोडणं) तुमच्या ड्रायव्हरला ओढून आणतं. `स्टॅटिक` डिपेंडन्सीला रनटाइमला कोणीच ओढत नाही. अ‍ॅपने स्वतः `रिक्वायर्स` लिहावं किंवा चालवताना `--अ‍ॅड-मॉड्यूल्स` मध्ये तिचं नाव द्यावं. रीडमीत हे ठळक लिहा.

जेएनएचा साधा जार ऑटोमॅटिक मॉड्यूल (मॉड्यूल-पाथवरचा, मॉड्यूल-इन्फो नसलेला जार) आहे. असा एक जरी ग्राफमध्ये आला तरी पाथवरचे बाकीचे ऑटोमॅटिकही येतात, म्हणून जेएनए कधी सापडेल, कधी नाही. एसएलएफ४जे २ त्या वरातीत नसतो, त्याला स्वतःचं मॉड्यूल-इन्फो आहे.

लिंकेज_काका
नुसत्या `क्लास.फॉरनेम` वर विसंबू नका. ड्रायव्हर मॉड्यूल-पाथवर आणि एसएलएफ४जे क्लासपाथवर (मॉड्यूल येण्याआधीची जार शोधायची जुनी वाट) असेल तर ती तपासणी पास होते आणि पहिल्याच कॉलला `इल्लीगलअ‍ॅक्सेसएरर` येतो, कारण मॉड्यूल-इन्फो असलेला मॉड्यूल क्लासपाथवरचं वाचत नाही. एसएलएफ४जेला हात लावणारा सगळा कोड एकाच अ‍ॅडॉप्टर क्लासात ठेवा, मुख्य क्लासच्या फील्डमध्ये किंवा सिग्नेचरमध्ये त्याचा टाइप नको. ट्रायमध्ये अ‍ॅडॉप्टर बनवून लॉगर मागा आणि `लिंकेजएरर` पकडा. `नोक्लासडेफफाउंडएरर` आणि वरचा एरर दोन्ही त्यातच येतात. `कॅच एक्सेप्शन` लिहिलंत तर दोन्ही निसटतील.

जार_तिथे_मार
पटलं. जेलिंकने (निवडक मॉड्यूल घेऊन स्वतंत्र रनटाइम बांधणारं टूल) इमेज केली तर?

ग्राफवाला
जेलिंक आपणहून सर्व्हिस बाइंडिंग करत नाही, त्यामुळे ड्रायव्हरच गायब होऊन ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ येईल. `--बाइंड-सर्व्हिसेस` ने जेडीकेचे नको ते प्रोव्हायडर येऊन इमेज फुगते. ड्रायव्हर आणि एसएलएफ४जे दोघांची नावं `--अ‍ॅड-मॉड्यूल्स` मध्ये द्या. ऑटोमॅटिक मॉड्यूल जेलिंकला चालत नाही, जेएनए हवंच असेल तर जेएनए-जेपीएमएस घ्या. खरं तर जावा १६ पासून युनिक्स सॉकेट `सॉकेटचॅनल` मध्येच आहे. ११ सोडता येत असेल तर जेएनए काढूनच टाका.

लिंकेज_काका
आणि पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलची फाइल) दोन्हींना `ऑप्शनल ट्रू`, नाहीतर मेव्हन ते जार प्रत्येकाच्या गळ्यात मारेल.