ब्रिटिश लेखक मायकल मूरकॉक तीन दिवसांत कादंबरी नेमकी कशी लिहीत?

कथावेल्हाळ:
मूरकॉक यांनी १९६०च्या दशकात काही अद्भुत कादंबऱ्या प्रत्येकी तीन दिवसांत हातावेगळ्या केल्या. ६०,००० शब्द धरले तर रोजचे २०,०००. हे नुसत्या टंकलेखनाच्या वेगावर जमलं, की त्यामागे काही रीत होती? मराठीत दीडशेएक पानांची अद्भुत कादंबरी त्याच रीतीने लिहायची आहे. सुरुवात कुठून करावी?

शाईदौत:
वेगाचं यात फारसं काही नाही. सोळा तासांत २०,००० शब्द म्हणजे मिनिटाला जेमतेम २१. वेळ खातो तो 'आता पुढे काय?' हा विचार, आणि तो मूरकॉक टंकयंत्रासमोर बसण्याआधीच संपवत.

६०,००० शब्दांचे चार भाग पाडायचे, प्रत्येकी १५,००० शब्दांचे. एकेका भागात सहा प्रकरणं, म्हणजे प्रकरणाला अडीच हजार शब्द. प्रत्येक प्रकरणात कथा पुढे ढकलणारं काहीतरी घडलंच पाहिजे. हा चौपदरी साचा लेस्टर डेंट या अमेरिकन लेखकाचा. त्याने तो ६,००० शब्दांच्या कथेसाठी बेतला होता: आधी नायकावर संकट, मग ते दुप्पट, मग सगळ्या वाटा बंद, आणि शेवटी नायकाने स्वतःच्या हिकमतीने सुटका करून घ्यायची. इथे तिसऱ्याच कुणी येऊन त्याला सोडवलं, की वाचक हातचा गेला.

याद्याही आधीच करून ठेवायच्या. पात्रं, वस्तू आणि चमत्कारिक प्रतिमा. 'किंचाळणाऱ्या पुतळ्यांचं शहर' हे मूरकॉक यांनीच दिलेलं उदाहरण. प्रतिमा एकमेकींशी जुळणाऱ्या हव्यात, नाहीतर गोधडी होते. आणि महत्त्वाचं सगळं पहिल्या तृतीयांशात येऊन गेलेलं हवं. चौथ्या भागात अचानक नवी जादुई तलवार निघाली, तर तिचं मूळ पहिल्या भागात पेरायचं राहिलंय असं समजा.

कथावेल्हाळ:
नायकासोबत कायम एक सोबती दिसतो. तो साच्याचाच भाग का?

निशाचर:
हो, आणि फार कामाचा. नायक घाबरला, कुरकुरला, थट्टा करू लागला तर त्याचं वजन कमी होतं. म्हणून त्या प्रतिक्रिया सोबत्याच्या तोंडी जातात. मूरकॉक यांच्या हॉकमून या नायकाच्या कथांतला केसाळ, बुटका ओलाडान बघा.

त्याच मालिकेतलं १९६७चं 'द ज्वेल इन द स्कल' समोर ठेवून अभ्यास करा. ग्रानब्रेटन या शत्रुराज्याचे लोक हॉकमूनच्या कपाळात काळं रत्न बसवतात. त्याला जे दिसतं ते रत्नातून त्यांनाही दिसतं. त्याने दगा दिला, तर रत्नात पूर्ण प्राण भरायचे आणि ते त्याचा मेंदू खाणार. हॉकमूनला मदत करणारा काउंट ब्रास त्या रत्नाला तात्पुरतं थोपवतो, पण कायमचा इलाज पार हमदानला. एवढ्या एका वस्तूत संकट, हेरगिरी, मुदतीचं घड्याळ आणि प्रवासाचं कारण, चारही आलं! मूरकॉक मुदतीवर इतका भर का देत ते इथे कळतं. मुदत काढून टाकली, तर हॉकमूनला हमदानची घाई उरतच नाही.

नवशिक्यांची गाडी बहुधा पहिल्याच भागात रुतते. राज्याचा इतिहास, वंशावळी, नकाशा यांतच दहा हजार शब्द जातात. ज्या भेटीतून नवी माहिती निघत नाही, ती भेट सरळ कापा.

शाईदौत:
मराठीसाठी शब्दसंख्या जशीच्या तशी घेऊ नका. इंग्रजीत 'घरात'ला तीन शब्द लागतात, आपल्याकडे विभक्तीमुळे एकच. ६०,०००चा हट्ट धरलात तर मजकूर नाहक फुगेल. चोवीस प्रकरणं पक्की धरा, शब्द कमी पडले तरी चालतील.

शिवाय ही रीत साहसकथेची आहे. १९६४पासून मूरकॉक 'न्यू वर्ल्ड्स' हे मासिक संपादित करत होते. ते प्रयोगशील मासिक तगवायला पैसा लागे, आणि तो या झटपट कादंबऱ्यांतून येई. १९८८चं 'मदर लंडन' वाचलंत तर तिथे हा साचा सापडणार नाही. त्यामुळे आधी ठरवा, तुमची कादंबरी शोधयात्रेची आहे का? असेल तर आज फक्त त्या शोधाची वस्तू आणि मुदत लिहून काढा. प्रकरणांची यादी उद्या.