सल्ला हवा: नाट्यसंगीतावर वाढलेल्या श्रोत्यांना सिंफनी कशी ऐकवावी? (सांगली)

विश्रामबागकर:
मंडळी, आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी ध्वनिमुद्रणं ऐकायला बसतो. यावेळी माझी पाळी, आणि विषयही मीच सुचवून बसलोय: सिनेमाचं पार्श्वसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद. ऐकणारे बहुतेक साठीपुढचे, ख्याल आणि नाट्यपदांवर पोसलेले. वेळ सव्वा तास. थेट बीथोवन लावला तर चहाच्या आधीच निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील अशी धास्ती आहे. कुठून सुरुवात करू?

पायपेटी:
ओळखीच्या गाण्यापासून. 'छाया' (१९६१) मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' लावा आणि मध्ये एक शब्दही न बोलता मोत्झार्टच्या ४०व्या सिंफनीचा पहिला भाग. १७८८ची रचना आहे. सलील चौधरींनी मुखडा तिथूनच उचललाय, हे सांगायची गरज पडणार नाही.

मिरजेचा तंबोरा:
अनुमोदन, पण 'चाल कुठून घेतली' यातच अडकू नका, नाहीतर सगळी बैठक चोऱ्या पकडण्यात जाईल. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या कानाला गायक पुढे आणि पेटी मागे अशी सवय. वाद्यवृंदात तीन-चार स्वरओळी एकदम चालतात, धरायचं कुणाला हेच कळत नाही. म्हणून आधी सूर मोजकेच असतील असं काही द्या.

'जॉज' (१९७५) घ्या. जॉन विल्यम्सनी शार्कसाठी शेजारशेजारचे दोन सूर वापरलेत, आपल्या भाषेत सा आणि कोमल रे. चेलो आणि डबल बास खर्जात तेच घासत राहतात, लय चढत जाते. सिनेमात शार्क बराच वेळ दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. सा आणि कोमल रे म्हटलं की आपण भैरवाकडे, पहाटेकडे जातो; तिकडे त्याच अंतरानं लोकांना पाण्यात पाय घालायची भीती बसली. हे सांगाच, गाणारे खुलतील.

मग 'स्टार वॉर्स' (१९७७). वाजवलंय लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं. पात्रागणिक धून ठरलेली. पात्र पडद्यावर नसलं तरी धून आली की कळतं कुणाचा विषय चाललाय. युक्ती वाग्नरच्या ऑपेरांतली. त्याला लागून होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' मधला 'मार्स' लावा. १९१४चा, पाच मात्रांचा. झपताल हातात असलेले मांडीवर ठेका शोधायला लागतील, आणि अंतराळातल्या लढाईला हा आवाज कुठून मिळाला तेही कळेल.

कृष्णाकाठ:
हॉलिवूड बास की ओ आता. 'सैराट' (२०१६) राहिला की! अजय-अतुलनी त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला. आणि इकडं वरातीत बँडवाले तेच व्हायोलिनचे तुकडे क्लॅरिनेटवर काढतात. मला तर बँडचंच जास्त आवडतं.

जुनी तबकडी:
गोव्याच्या वादकांना दहा मिनिटं राखून ठेवा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो व्हायोलिनांचा ताफा कागदावर लिहून देणारे सेबॅस्टियन डिसोझा. आणि अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. १९७७च्या त्या गाण्यात 'माय नेम इज' नंतर येतं ते नाव यांचंच. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रचनांसाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. लताबाईंचं लहानपण सांगलीतलं, तेव्हा टाळी ठरलेली.

पायपेटी:
अजून एक. नाट्यपंढरीत ऑर्गन हवाच. 'इंटरस्टेलर' (२०१४) साठी हान्स झिमरनी लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन घेतलाय. आपल्या ऑर्गनमध्ये हवेनं रीड वाजतात, तिथं मुख्यतः नळ्याच बोलतात. आणि कृपा करून छोटा ब्लूटूथ स्पीकर आणू नका. हळू जागा गायब होतात, खर्ज तर येतच नाही. मग 'जॉज'मध्ये उरलं काय?

विश्रामबागकर:
'छाया', मोत्झार्ट, गोवेकर मंडळी, चहा, मग 'जॉज' आणि पुढचं. 'सैराट' शेवटी, म्हणजे तरुण पोरंही थांबतील. 'मार्स' पूर्ण लावतो, कापायचा नाही. पायपेटी, तुमचे मोठे स्पीकर त्या दिवशी मिळतील का? टेंपोचं मी बघतो.

पायपेटी:
न्या की. वायर मात्र तुमची.