मुलांवर केमोचे प्रयोग नकोत म्हणे!

म्हापशाची_मावशी: काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "केमोला दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर नवी औषधं तपासणं म्हणजे त्यांचे उंदीर करणं. घरी शांतपणे जाऊ द्या त्यांना." रात्रभर डोळा लागला नाही. माझा भाचा आठ वर्षांचा. उपचार संपले नि आठ महिन्यांत दुखणं उलटलं. थिवीहून कोकणकन्येने मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाच्या किती वाऱ्या केल्या, देव जाणे. केमोतल्या विंक्रिस्टिन या औषधाने पावलं अशी लुळी पडली की चालताना चपला मागेच राहायच्या. स्टिरॉइडची भूक तर अशी, की पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा पोंपों ऐकून उठायचा आणि चार पाव फस्त. 1948 साली बोस्टनच्या डॉक्टर फार्बरने ल्युकेमियाच्या 16 मुलांना अमिनोप्टेरिन हे तेव्हाचं नवं औषध दिल्याचं लिहिलं. 10 जणांना उतार पडला, तोही तात्पुरता. ते झालं नसतं तर आज बरी होणारी पोरं कुठून आली असती?

खाजनवाला: तो गृहस्थ मीच. त्या 16 जणांच्या आयांना कोणी नीट विचारलं होतं का, बाय? औषधाच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती सोसतो तेच बघतात, हे आईबापांना कोण सांगतो? शेजाऱ्याच्या मुलीचं चाचणीचं संमतीपत्र मी स्वतः पाहिलं. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. बापाने न वाचता सही ठोकली.

बार्देशकर: मग कुठल्या भाषेत हवं होतं? मराठीत की कोकणीत? गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यापासून हाच घोळ...

म्हापशाची_मावशी: तो वाद इथे नको हो!

डिचोलीचा_वैदू: विंक्रिस्टिन आपल्या सदाफुलीचंच ना? आमच्या तुळशीजवळ ढीगभर आहे. पानं उकळून द्या, परळला कशाला जायचं?

वॉर्डातली_ताई: अहो, पंधरा वर्षं मी हे औषध लावतेय. अंगाच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 1.5 मिलिग्रॅम, बहुधा 2 च्या वर नाही. शिरेबाहेर गळलं तर मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर मूल जातं. तुमच्या टोपात किती उतरलं, मोजणार कसं?

डिचोलीचा_वैदू: कंपनीने काढलं की औषध, आजीने काढलं की अंधश्रद्धा! माझ्या काकांची साखर सदाफुलीनेच उतरली.

वॉर्डातली_ताई: साखरेसाठीच तर कॅनडात 1950 च्या दशकात हे झाड तपासलं. उंदरांची साखर हलली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या, ल्युकेमियात बेफाम वाढतात त्याच. तपासलं म्हणून कळलं.

डिचोलीचा_वैदू: उंदीर आणि काका यांत फरक आहे.

खाजनवाला: उंदीर आणि मूल यांतही!

वॉर्डातली_ताई: म्हणूनच सात वर्षांवरच्या मुलाला तोंडी तरी विचारायचं, असं आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 मध्ये लिहून ठेवलंय. आणि औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार माहिती समजेल अशा भाषेतच द्यायची. तुमच्या शेजाऱ्याच्या बाबतीत चूकच झाली.

म्हापशाची_मावशी: आमच्या पोराला चाचणीत घेताना विचारलं होतं डॉक्टरांनी. त्याचा एकच सवाल, "सुया किती?" ते नवं औषध लागू पडलं नाही. तरी मी पुन्हा हो म्हणेन.

खाजनवाला: ठीक. "उंदीर" मागे घेतो. चौदा पानं नाही घेणार.

डिचोलीचा_वैदू: आणि माझी सदाफुली?

वॉर्डातली_ताई: देवाला वाहा.