कालवडीच्या मानेवर फुलकोबीसारख्या गाठी, व्हायरस का कॅन्सर?

गोठा_आणि_मी: नमस्कार मंडळी. १४ महिन्यांची एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) कालवड आहे. मानेला दावं घासतं तिथं आणि कानामागं चामखिळी आल्यात, आधी वाटाण्याएवढ्या होत्या आता एक तर लिंबाएवढी झालीय, वरून खरखरीत आणि घासली की रक्त येतं. खाणंपिणं एकदम नीट. शेजारचे अण्णा म्हणतात लंपी, चुलते म्हणतात कॅन्सर आहे विकून टाक, डॉक्टर म्हणाले व्हायरस आहे आपोआप जाईल. त्यात पुतण्याने वाचलंय की हा व्हायरस ग्रोथ फॅक्टरचं काहीतरी करतो. ते काय असतं?

दूधवाला_नगरी: लंपी नाही हो. २०२२ ला आमच्या गोठ्यात बघितलीय, सणकून ताप, जनावर चारा सोडतं आणि अंगभर कातडीतच टणक गोल गाठी. तुमची तर बाहेर लोंबतीय. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधा, गळून पडते.

व्हेट_शिकतोय: दादा केस नका बांधू, जखम होते, माशा बसतात आणि रक्ताळलेल्या गाठीचा व्हायरस दाव्याला लागून पुढच्या जनावराकडे जातो.

हा बोव्हाइन पॅपिलोमा व्हायरस. याचे बरेच प्रकार आहेत, अशा गाठी बहुतेक टाइप १ आणि २ च्या. आता ग्रोथ फॅक्टर. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्समधून पीडीजीएफ नावाचं प्रोटीन सुटतं, ते कातडीखालच्या पेशींच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणजे दारावरची बेल दाबतं, पेशी वाढतात, जखम भरते आणि बेल बंद. या व्हायरसकडे ई५ नावाचं प्रोटीन आहे, जेमतेम ४४ अमिनो आम्लांचं, ते पेशीच्या पडद्यातच घुसून त्या रिसेप्टरला चिकटतं. म्हणजे बेलच्या बटणात काडीच खुपसली, दारात कोणी नाही तरी वाजतच राहते! म्हणून गाठ वाढते. आणि व्हायरसला आत शिरायला खरचटलेली कातडी लागते, म्हणून दाव्याखाली, कानातल्या बिल्ल्याच्या भोकाशी, सडांवर.

गोठा_आणि_मी: बेलचं पटलं. पण कॅन्सर होणार का नाही ते सांगा ना, चुलते रोज डोकं खातात.

व्हेट_शिकतोय: बहुतेक नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की काही महिन्यांत, कधी वर्षभरात, गाठी सुकून गळतात. कॅन्सरकडे जायला सहसा अजून काहीतरी जोडीला लागतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रॅकन नावाचा नेचा खाणाऱ्या गायींना याच कुळातल्या टाइप ४ मुळे घशात-अन्ननलिकेत कॅन्सर झालेला सापडला, आपल्याकडे उत्तराखंडात नेचा आणि टाइप २ मिळून मूत्राशयात. तुमची कालवड कडवळ-मका खातीय, निवांत राहा. फक्त गाठ सडावर आली, सारखी रक्ताळायला लागली किंवा वर्ष उलटूनही राहिली तर डॉक्टरांना परत दाखवा, काही ठिकाणी जनावराच्याच गाठीपासून लस करून देतात. माणसाला लागत नाही, घोड्याला मात्र लागतो. आणि दावं, बिल्ल्याचा पक्कड, वेसणीची सुई एकीचं दुसरीला नको.

गोठा_आणि_मी: सुई तिघींना एकच वापरली होती 😐 आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो, धाकटीच्या नाकपुडीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढी एक आहे.