पिंपाची भिंत आली हे जंतूला कळतं कसं?

जुळे_सोलापूरकर: आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून निळी पिंपं भरून ठेवतो. पाणी नितळ दिसतं, पण आतून हात फिरवला की भिंत बुळबुळीत. पाण्यात पोहणारे आणि भिंतीला चिकटणारे जंतू वेगळे की तेच? तेच असतील तर भिंत आली हे त्यांना कळतं कशानं? जनुकं बदलतात का?

मायक्रोवाली_अक्का: बहुतेक वेळा तेच. जनुकं तीच राहतात, त्यातली चालू कोणती नि बंद कोणती हे बदलतं. तुमच्या पिंपात कोण आहे ते प्लेटवर वाढवल्याशिवाय मी बोलणार नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूवर भरपूर काम झालंय, त्याचं सांगते.

त्याला पोहायला फ्लॅजेलमची शेपटी असते, शिवाय पिली नावाचे बारीक धागे. धागा बाहेर टाकायचा, कुठं टेकला की आत ओढायचा. टोक भिंतीला अडकलेलं असलं की ओढताना ताण येतो, आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो. दुसरी वाट डब्ल्यूएसपी या प्रथिनांच्या यंत्रणेची. पृष्ठभागाला टेकल्यावर तिच्यातलं डब्ल्यूएसपी-आर हे एन्झाइम जागं होतं आणि सायक्लिक-डाय-जीएमपी हा दुसरा निरोप्या रेणू बनवायला लागतं. हा रेणू फ्लेक्यू या प्रथिनावर जाऊन बसतो. फ्लेक्यू एरवी शेपटीची जनुकं चालवतं आणि पेल या चिकट साखरेची दाबून धरतं. रेणू बसला की पारडं फिरलं: शेपटीची जनुकं मंदावतात, पेलची चालू होतात. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात, खरी गंमत तिथंच आहे.

बीएस्सी_टीवाय: अक्का, शेपटीला स्वतःला काही कळत नाही का?

मायक्रोवाली_अक्का: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या दुसऱ्या जंतूत कळतं की! टोकाची शेपटी फिरायला अडली की अंगभर नव्या शेपट्या उगवणारी जनुकं चालू होतात. 1988 मध्ये दाखवलं, की भिंत नसली तरी चालतं: माध्यम नुसतं दाट केलं किंवा शेपटीला अँटिबॉडी चिकटवली, तरी तेच. म्हणजे जंतूला भिंत दिसत नाही, अडणं जाणवतं.

जुळे_सोलापूरकर: मग तुरटी फिरवून उपयोग?

मायक्रोवाली_अक्का: तुरटीनं गाळ बसतो, थर जात नाही. थराच्या आत क्लोरीनही नीट पोचत नाही. पिंप रिकामं झालं की आधी ब्रशनं खसाखसा घासा, मग क्लोरीन.

चाटी_गल्ली: आमचं डाइंगचं घराणं. पुतणी म्हणते कॉलेजात जंतूंच्या प्लेटमध्ये काँगो रेड घालतात. तो तर सुताचा रंग!

मायक्रोवाली_अक्का: तोच, अण्णा. सुतातल्या सेल्युलोजला धरतो तसा पेललाही धरतो. गंमत म्हणजे सायक्लिक-डाय-जीएमपी 1987 मध्ये सापडलं तेही सेल्युलोज बनवणाऱ्या जंतूत, बेंझिमन यांच्या गटाला. पुतणीला सांगा, एखादी वसाहत बारकी, सुरकुतलेली नि लालभडक दिसली तर वेगळी काढून ठेव. वर मी जनुकं तीच राहतात म्हटलं, हा त्याला अपवाद: डब्ल्यूएसपी-एफ हे यंत्रणा बंद करणारं जनुक बिघडलं, की पेशी पाण्यात तरंगत असली तरी भिंतीवर असल्यासारखीच वागते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसातूनही अशा बारक्या, सुरकुतलेल्या वसाहती मिळतात.