मदत हवी आहे: केमोथेरपीपूर्वी स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याबाबत

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय २९, अविवाहित) स्तनाचा कर्करोग झाला असून गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-संप्रेरकांमुळे वाढू शकणारी) आहे. आम्ही ऐरोलीला राहतो आणि उपचार ठाण्यातील एका रुग्णालयात चालू आहेत. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. आता केमो सुरू होईल, त्यात आधी ॲड्रियामायसिन व सायक्लोफॉस्फामाइड आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल असा क्रम सांगितला आहे.

संमतीपत्रात केस गळणे, तोंड येणे यांच्या रांगेत ‘वंध्यत्व’ हा एक शब्द छापलेला आहे. बहिणीने त्यावर बोट ठेवून विचारले, तेव्हा “आधी जीव महत्त्वाचा” असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे, पण तिने विचारले होते ते वेगळेच.

त्यानंतर मी जे वाचले आणि एका वंध्यत्वतज्ज्ञ बाईंकडून समजून घेतले, ते असे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे अंडाशयातील बीजांचा साठा घटवतात आणि हा साठा पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे केमोनंतर पाळी परत आली, तरी बीजे पूर्वीइतकी उरली आहेत असे धरून चालता येत नाही. तिचे वय कमी आहे ही जमेची बाजू, मात्र पुढे किमान ५ वर्षे टॅमॉक्सिफेन (गाठीवरील संप्रेरकाचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या) घ्यावे लागेल आणि त्या काळात गर्भधारणा चालत नाही, म्हणजे वयही निसटत जाणार. (काही रुग्णांना दीड ते अडीच वर्षांनंतर गोळ्या तात्पुरत्या थांबवून गर्भधारणेची मुभा देता येते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासातून दिसले, पण त्याचे निष्कर्ष अजून अल्प काळापुरतेच आहेत.)

बीजे काढण्यासाठी पाळीची वाट पाहावी लागत नाही, साधारण दोन आठवडे इंजेक्शने पुरतात आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात, असे बाईंनी सांगितले. शिवाय केमोच्या किमान आठवडाभर आधीपासून दर चार आठवड्यांनी गोसेरेलिनचे इंजेक्शन देऊन अंडाशय ‘झोपवून’ ठेवता येते, पण ते बीजे गोठवण्याला पर्याय नाही.

आईचे म्हणणे आहे की लग्नच ठरलेले नाही, तर आता हा विषय कशाला. मला मात्र वाटते की निर्णय बहिणीचा आहे आणि तो घेण्याची वेळ केमोच्या आधीचीच आहे.

ठाणे-नवी मुंबईत कोणी या वाटेने गेले असल्यास कृपया सांगावे: दोन्ही डॉक्टरांचा मेळ कोणी घातला, केमो किती लांबली, इंजेक्शने धरून खर्च किती आला आणि पुढे साठवणुकीचे वार्षिक शुल्क किती पडते? कायद्याने बीजे १० वर्षे ठेवता येतात, तेव्हा ही रक्कम आधीच कळलेली बरी. खारघरच्या टाटा केंद्रात बाहेरच्या रुग्णाला यासाठी सल्ला मिळतो का, हेही कळवावे. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच या रक्ततपासणीचा अहवाल उद्या येईल आणि सोमवारी ऑन्कॉलॉजिस्टची (कर्करोगतज्ज्ञांची) भेट आहे, त्यामुळे त्याआधी आलेले उत्तर सर्वांत उपयोगी पडेल.